एका यादीतून अनेक पत्रे : संगणकावर स्वतंत्र फाइली कशा जतन कराव्यात?



शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत संस्थेचे शिफारसपत्र जोडावे लागते. मजकूर सर्वांचा एकच. नाव, वर्ग व महाविद्यालय तेवढे बदलते. हे काम आम्ही प्रथम संगणकावर केले तेव्हा यादीत ४० नावे होती, फाइली मात्र ३९ निघाल्या. संगणकाने कोणतीही चूक दाखविली नाही. शोध घेता कळले की, दोन विद्यार्थिनींचे नाव व आडनाव एकच होते. दुसरीचे पत्र पहिलीच्या पत्रावर लिहिले गेले होते. मुदत संपण्यास एकच दिवस उरला होता. मोजणी केली नसती तर एका मुलीचा अर्ज पत्राविनाच गेला असता.

असे का होते? प्रोग्रॅम पत्रे तयार करतो तेव्हा ती प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असतात. वीज गेली की ती नाहीशी होतात. डिस्कवर फाइल म्हणून लिहिली, तरच ती टिकतात. आणि डिस्कवरील एका फोल्डरमध्ये एका नावाची एकच फाइल राहू शकते.

पायथॉन भाषेत हे काम लहानशा प्रोग्रॅमने होते. यादीतील एक ओळ घ्यावी, पत्र तयार करावे, फाइलला नाव द्यावे, मजकूर लिहावा, फाइल बंद करावी आणि पुढील ओळीकडे जावे. या आवर्तनाला लूप म्हणतात. मात्र पुढील पथ्ये पाळावीत :

१) फाइलचे नाव केवळ विद्यार्थ्याच्या नावावरून ठेवू नये. यादीतील क्रमांक आधी लावावा. तो ००१, ००२ असा लिहावा. नाहीतर अनेक प्रोग्रॅम १० ला २ च्या आधी लावतात.

२) जावक क्रमांकातील तिरपी रेघ (/) फाइलच्या नावात घेऊ नये. संगणक तिचा अर्थ फोल्डरची हद्द असा घेतो. तिथे आडवी रेघ वापरावी.

३) पायथॉनमध्ये फाइल 'डब्ल्यू' प्रकाराने उघडली तर जुना मजकूर न विचारता पुसला जातो. 'एक्स' प्रकाराने उघडल्यास, त्या नावाची फाइल आधीच असेल तर प्रोग्रॅम थांबतो. थांबलेला प्रोग्रॅम परवडला, हरवलेले पत्र नाही.

४) साधी मजकूर फाइल लिहिताना 'यूटीएफ-८' ही संकेतप्रणाली स्पष्ट नमूद करावी; नाहीतर मराठी अक्षरे बिघडण्याची शक्यता असते.

५) शेवटी यादीतील नावे आणि फोल्डरमधील फाइली मोजाव्यात. संख्या जुळल्यावर दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी.

भिक्खूंनी शतकानुशतके मुखोद्गत राखलेले तिपिटक इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ताडपत्रांवर लिहून ठेवले गेले, अशी परंपरा आहे. दुष्काळ व युद्ध यांमुळे पाठ करणारेच उरणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. स्मृतीतले लिहून ठेवावे लागते, हा धडा आपल्या परंपरेतच आहे.

विद्यार्थ्यांनी ही लहान विद्या शिकून घ्यावी आणि संस्थेच्या कामी लावावी. यादीतील एकही मूल मागे राहू नये, हीच आमची अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!