चोवीस सेकंदांचं गणित

एनबीए भारी की कॉलेज बास्केटबॉल, हा अमेरिकेतल्या चाहत्यांचा कधीच न मिटणारा वाद. माझं मत पक्कं आहे. सर्वांत चांगला संघ कोणता हे जाणून घ्यायचं असेल तर एनबीए पाहावी. श्वास रोखून बसायचं असेल तर मार्चमधली कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा. हा फरक शाळकरी गणितातून उलगडतो, आणि ते गणित मला दर वेळी थक्क करतं.

समजा, एक संघ कोणालाही दहापैकी आठ वेळा हरवू शकतो. एनबीएच्या प्लेऑफमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात आणि आधी चार जिंकेल तो पुढे जातो. अशा मालिकेत या संघाची शक्यता ८० वरून जवळपास ९७ टक्क्यांवर पोहोचते. आता तोच संघ कॉलेजच्या स्पर्धेत उतरवा. तिथे ६४ संघांतून विजेता ठरताना सलग सहा सामने जिंकावे लागतात; एक हरलात की घरी. शक्यता उरते अवघी २६ टक्के! इतका वरचढ संघही चारपैकी तीनदा रिकाम्या हाताने परतणार.

सामन्याच्या पोटातही हेच गणित चालतं. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला हरवलं ते १९-१८ असं. बलाढ्य लेकर्सला संधीच मिळू नये म्हणून पिस्टन्स चेंडू नुसता हातात धरून बसले होते. असल्या खेळाला कंटाळलेल्या डॅनी बायसोन यांनी उपाय काढला. सिरॅक्यूसचे हे संघमालक बोलिंगचं केंद्र चालवत. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर नेम धरतात, हे त्यांनी हेरलं. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागिले १२०. उत्तर २४. १९५४ पासून एनबीएत चोवीस सेकंदांच्या आत नेम धरावाच लागतो.

पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये अशी मर्यादा यायला १९८५ चा मोसम उजाडला, तीही ४५ सेकंदांची. आज ती ३० आहे आणि सामना ४० मिनिटांचा. त्यामुळे एनबीएत प्रत्येक संघाच्या वाट्याला शंभरेक चढाया येतात, कॉलेजात सत्तरच्या आसपास. चढाया जितक्या कमी, तितका नशिबाला वाव जास्त.

प्रशिक्षक टोनी बेनेट यांचा व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ तर त्याहूनही संथ खेळायचा. पोलादी बचाव, साठेक चढाया. २०१८ च्या स्पर्धेत सर्वोच्च मानांकन त्यांचंच. पहिल्या फेरीत समोर होतं मेरीलँडमधलं यूएमबीसी, गटातलं सोळावं म्हणजे शेवटचं मानांकन. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर पहिल्या आणि सोळाव्या मानांकितांत १३५ सामने झाले होते आणि १३५ही पहिल्याने जिंकले होते. व्हर्जिनियाचा डीआंड्रे हंटर जायबंदी होता, पण त्याची कुणाला फारशी चिंता वाटली नाही. मध्यंतराला गुणफलक २१-२१. मग यूएमबीसीने एका सत्रात ५३ गुण कुटले. जायरस लाइल्सचे एकट्याचे २८. संघाने लांबून मारलेल्या २४ पैकी १२ चेंडू जाळीत. निकाल ७४-५४. निसटता विजय नव्हे, वीस गुणांनी धुलाई!

पुढच्या वर्षी बेनेट यांनी खेळाची लय बदलली नाही. २०१९ च्या उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध व्हर्जिनिया दोन गुणांनी मागे, घड्याळात ०.६ सेकंद. तीन गुणांचा नेम धरणाऱ्या काइल गायला धक्का लागला, तीन फ्री थ्रो मिळाले. त्याने तिन्ही टाकले: ६३-६२. अंतिम सामना टेक्सास टेकविरुद्ध जादा वेळेत गेला आणि व्हर्जिनिया ८५-७७ अशी जिंकली. ऑबर्नशी सात सामन्यांची मालिका असती, तर त्या तीन फ्री थ्रोंवर अख्खं वर्ष टांगलं नसतं, आणि मीही टीव्हीसमोर उभा राहिलो नसतो.