समुद्राचं निमित्त

अमेरिकी भूदलाची देशभर मिळून आठशेहून अधिक भरती केंद्रं आहेत. २०१४ साली त्यांत पहिला क्रमांक पटकावला पागो पागोच्या केंद्रानं. पागो पागो म्हणजे अमेरिकन सामोआची राजधानी. हवाईच्याही दक्षिणेला चार हजारांवर किलोमीटर, चहूकडे प्रशांत महासागर, आणि साऱ्या प्रदेशाची वस्ती २०२०च्या जनगणनेतही ५० हजारांना टेकलेली नाही. इथला रहिवासी अमेरिकेच्या अध्यक्षाला मत देऊ शकत नाही, जन्मानं त्याला पूर्ण नागरिकत्वही मिळत नाही. पलटणीत मात्र त्याला जागा असते. ग्वामची कथा वेगळी नाही. तिथल्या प्रौढांपैकी दर आठातला एक माजी सैनिक आहे, असं अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीनं २०१४ मध्येच एका कार्यक्रमात दाखवलं होतं. बेटावर नोकऱ्या थोड्या, फौजेचा पगार बरा, आणि घरात काका-मामा कुणीतरी गणवेशातला असतोच. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या फौजी गावाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मुद्दा असा, की भरती करताना अंतर आडवं आलं नाही. पण हाच माणूस इराक-अफगाणिस्तानातून परत येतो, रात्र रात्र जागा राहतो, बायकोमुलांवर खेकसतो, बाटलीला लागतो, तेव्हा मात्र समुद्र फार मोठा आहे असं ऐकू येतं. माझ्या मते समुद्र हे निमित्त आहे. बेटावरच्या माजी सैनिकाला मानसिक आधार कसा पोचवायचा, हे गेल्या चाळीसेक वर्षांत बऱ्यापैकी कळून चुकलं आहे. घोडं पेंड खातं ते कायद्यातल्या एका रेघेशी आणि डोकी मोजून पैसे सोडणाऱ्या हिशेबाशी.

कळून चुकलं आहे असं म्हणतो, त्याला आधार आहे तो 'व्हेट सेंटर' नावाच्या एका साध्याशा संस्थेचा. व्हिएतनामहून परतलेले लाखो तरुण सरकारी इस्पितळाच्या पायऱ्या चढायला तयार नव्हते. ज्या सरकारनं लढायला धाडलं त्याच सरकारच्या डॉक्टरसमोर मन मोकळं करायचं, ही कल्पनाच त्यांना नकोशी होती. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी १९७०च्या दशकात या प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा विधेयकं मांडली आणि अखेर १९७९ मध्ये कायदा झाला. त्या वेळी माजी सैनिक खात्याचे, म्हणजे 'व्हीए'चे, प्रमुख होते मॅक्स क्लीलँड. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेला माणूस. आघातोत्तर ताणविकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० साली. म्हणजे आजाराचं नाव कागदावर यायच्या आधी त्याच्यासाठी दुकानगाळ्यांतून खोल्या उघडल्या गेल्या होत्या. आज अशी केंद्रं सुमारे ३०० आहेत, आणि त्यांतली काही हवाईच्या निरनिराळ्या बेटांवर, ग्वामवर आणि अमेरिकन सामोआत आहेत.

या केंद्राचा कारभार जवळून पाहण्यासारखा आहे. इमारत इस्पितळाच्या आवारात नसते. बाजारपेठेत, रस्त्यालगत, चारचौघांसारखी असते. आत बसलेल्यांपैकी बरेच जण स्वतः फौजेतून आलेले. येणाऱ्याकडे आधी कुठल्या डॉक्टरनं आजार ठरवल्याची चिठ्ठी लागत नाही, अपंगत्वाची टक्केवारी लागत नाही, 'व्हीए'च्या दवाखान्यात नाव नोंदवलेलं नसलं तरी चालतं. युद्धभूमीवर सेवा झाल्याचा कागद पुरेसा असतो. पैसे पडत नाहीत. बायकोला, मुलांना घेऊन बसता येतं. सैनिक गेलाच असेल तर घरच्यांसाठीही दार उघडं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथल्या नोंदी इस्पितळाच्या नोंदींपासून वेगळ्या ठेवतात. जिवाला धोका असल्याचा प्रसंग सोडला, तर लेखी संमतीशिवाय त्या ना इस्पितळाला मिळतात ना फौजेला. शहरात ही सोय वाटते. बेटावर तिच्यावाचून गत्यंतर नसतं, कारण तिथे कुणाची गाडी कुणाच्या दारात उभी आहे हे संध्याकाळपर्यंत मावशीला कळतं, आणि दवाखान्यात केसपेपर काढणारी बाई नात्यातली निघते. (खात्याकडे दूरच्या वस्त्यांसाठी फिरत्या बसगाड्याही आहेत. त्या मुख्य भूमीवर उत्तम चालतात. दोन बेटांमध्ये रस्ता नसतो, एवढीच अडचण.)

आता अंतराकडे वळू. समुद्रापलीकडून उपचार होऊ शकतात का, हा प्रश्न तर्कावर सोडून देण्याची गरज नाही. हवाईत त्याची रीतसर परीक्षा झालेली आहे. मानसशास्त्रज्ञ लेस्ली मॉरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणविकार असलेल्या १२५ माजी सैनिकांचे दोन भाग केले. राग आवरण्याचं शिक्षण एका भागाला समोरासमोर दिलं, दुसऱ्याला व्हिडिओ पडद्यावरून. २०१० मध्ये निष्कर्ष आले: पडद्यावरचा उपचार प्रत्यक्ष उपचारापेक्षा कमी पडला नाही. पुढे ताणविकारावरच्या एका प्रस्थापित उपचारपद्धतीची तशीच चाचणी झाली, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि कौल तोच आला. सुरुवात रागापासून झाली हेही उगीच नाही. रात्रीची दुःस्वप्नं माणूस लपवू शकतो. घरात फुटलेली ताटं आणि भेदरलेली पोरं लपत नाहीत. उपचाराला येणाऱ्यांपैकी पुष्कळांना घरच्यांनीच पुढे ढकललेलं असतं, आणि त्याचं कारण राग असतो.

मग केंद्राच्या खोलीची गरजच काय, प्रत्येकाच्या हातात फोन द्यावा, असं कुणी म्हणेल. हा युक्तिवाद सध्या खात्यांना भलताच आवडतो, कारण तो स्वस्त आहे. पण त्याच हवाईच्या चाचणीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली होती, तिच्याकडे सहसा कुणी बोट दाखवत नाही. पडद्यावरच्या गटात रागावरचा परिणाम सारखाच होता. गट चालवणाऱ्याशी जुळलेलं नातं मात्र थोडं पातळ होतं. चाचणीत नाव घातलेला माणूस बारा बैठकांना येतोच. चाचणीबाहेरचा माणूस मुळात पहिल्या बैठकीला यावा कसा, हा खरा प्रश्न, आणि तिथे पातळ नातं पुरत नाही. शिवाय घड्याळ आहे. होनोलुलू आणि ग्वाम यांच्यात २० तासांचं अंतर. ग्वामला सोमवारी सकाळी आठला केंद्र उघडतं तेव्हा होनोलुलूत रविवारची दुपार असते. होनोलुलूत शुक्रवारी सकाळी कचेरी उघडते तेव्हा ग्वामला शनिवारची पहाट. दोन्हीकडच्या कचेऱ्या एकाच वेळी उघड्या सापडतात त्या आठवड्यातले चार दिवस, तेही अर्धे. उलट पडद्याची एक बाजू अशी, की गावात अजिबात नसलेली गोष्ट तो देतो: अनोळखी माणूस. आपल्या आईला न ओळखणारा डॉक्टर छोट्या बेटावर मिळणं कठीण. म्हणून मला ही निवड 'खोली की पडदा' अशी वाटतच नाही. दारात ओळखीचा माजी सैनिक हवा, पडद्यावर परका तज्ज्ञ हवा, आणि दोघांमध्ये फौजेच्या नोंदींशी संबंध नसलेली फाइल हवी.

याहून गंभीर आक्षेप संस्कृतीच्या बाजूनं येतो. बेटांवर कुटुंब मोठं, चर्च बळकट, वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो. हवाईत तर घरातले तंटे एकत्र बसून, माफी मागून मिटवण्याची 'होओपोनोपोनो' नावाची जुनी रीत आहे. अशा समाजावर बाहेरचा विकार आणि बाहेरचं औषध का लादायचं? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण घट्ट कुटुंब हे दर वेळी औषधच असतं, याला पुरावा नाही. जेझुइट अभ्यासक फ्रान्सिस हेझेल आणि मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिनस्टाइन यांनी १९८०च्या दशकात मायक्रोनेशियातल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं ते असं, की बापावर, थोरल्या भावावर आलेला राग बोलून दाखवण्याची मुभाच नसल्यामुळे मुलगा तो आत वळवत होता. त्या घराचा मुलगा परदेशातल्या युद्धाचा राग घेऊन परत आला, तर तो काढायचा कुठे? दुसऱ्या टोकाला हवाईतला व्हिएतनामच्या माजी सैनिकांचा मोठा अभ्यास आहे, सिनेटर स्पार्क मात्सुनागा यांच्या नावाचा. त्यात मूळ हवाईयन सैनिकांत ताणविकाराचं प्रमाण जपानी वंशाच्या सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. लढाईत कोण किती पोळला, याचाही त्यात वाटा होता. बेटं तीच, फौज तीच, आकडे वेगळे. तेव्हा 'बेटावरचा माणूस' असा एकच साचा धरून ना लादणं योग्य, ना सोडून देणं. शिवाय होओपोनोपोनोला व्हेट सेंटरनं कधी मनाई केलेली नाही. दोन्ही एकाच घरात नांदू शकतात.

आता ती कायद्यातली रेघ. मार्शल बेटं, मायक्रोनेशिया आणि पलाऊ हे तीन स्वतंत्र देश. अमेरिकेशी त्यांचा विशेष करार आहे. पहिल्या दोघांशी १९८६ पासून, पलाऊशी १९९४ पासून. करारानुसार त्यांचे नागरिक अमेरिकी फौजेत भरती होऊ शकतात आणि दणकून होतात. पण सेवा संपवून घरी परतले, की ते परदेशात राहणारे ठरत. 'व्हीए'चा डॉक्टर तिथे येत नसे, पडद्यावरून बोलत नसे, औषध टपालानं येत नसे. सेवेमुळे जडलेल्या आजाराचा खर्च बिलं दाखवून परत मिळे. पण तज्ज्ञच नसलेल्या बेटावर बिल आणायचं कुणाचं? मायक्रोनेशियातल्या कोस्राय बेटाची वस्ती साडेसहा हजारांच्या आसपास. तिथल्या माणसाला उपचारासाठी होनोलुलू-ग्वाम दरम्यान थांबे घेत जाणारं विमान पकडून पदरमोड करावी लागे. हे विमान माजुरो, क्वाजालीन, कोस्राय, पोनपे, चुक असं उतरत उतरत जातं. त्यातला क्वाजालीनचा थांबा मोठा बोलका आहे: परवाना असल्याशिवाय तिथे कुणाला उतरू देत नाहीत, कारण तो अमेरिकी लष्कराचा क्षेपणास्त्र चाचणी तळ आहे. परदेशात तळ चालतो, परदेशातून भरती चालते, आणि समुपदेशक म्हटला की सार्वभौमत्वाची अडचण येत असे. त्यातही परदेशात दवाखाना चालवण्याचा खात्याला अनुभव नाही असंही नाही. मनिलात 'व्हीए'चा बाह्यरुग्ण दवाखाना कितीतरी दशकं सुरू आहे. हवाईतल्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये हाती होते. या तीन देशांत उपचार, दूरसंवाद आणि टपाली औषधं यांना परवानगी देणारी दुरुस्ती झाली ९ मार्च २०२४ रोजी. मधली चौदा वर्षं समुद्राच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. परवानगी म्हणजे सेवा नव्हे, हेही खरं. त्या-त्या देशाशी व्यवस्था ठरवायची, माणसं नेमायची, हे सगळं त्यानंतरचं काम.

उरतो आकड्यांचा आक्षेप. एकेका बेटावर माजी सैनिक शेकड्यांत मोजावेत इतकेच; त्यांच्यासाठी खोली, पगार, तज्ज्ञ हे परवडणार कसं? हिशेब मांडायचाच तर पुरा मांडावा. दर रुग्णाला विमानानं हवाईला नेणं-आणणं, सोबत घरचा माणूस, मुक्काम, हे सगळं पडद्यापेक्षा महाग पडतं, आणि उपचार आठवड्याला एक असे बारा आठवडे चालतात. प्रत्यक्षात व्हायचं ते असं, की माणूस उपचारासाठी बेटच सोडायचा आणि हवाईत किंवा मुख्य भूमीवर कायमचा स्थायिक व्हायचा. कागदावर सैनिक कमी दिसतात त्याचं हेही एक कारण आहे. ज्यांना गरज होती ते निघून गेले, आणि जे उरले ते थोडे म्हणून सेवा नाही.

आपल्याकडे हा विषय लांबचा वाटू नये. १९६९ ते १९८० या काळात भारत सरकारनं ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर, कॅम्पबेल बेच्या परिसरात, तीनशेहून अधिक माजी सैनिकांची कुटुंबं वसवली. पंजाबी सर्वांत जास्त, पण त्यांत मराठीही होती. पोर्ट ब्लेअरपासून पाचशेहून अधिक किलोमीटर, जंगल तोडून केलेली शेती, आणि २००४च्या त्सुनामीत किनाऱ्याची गावं नि जमिनी गेलेल्या. त्यानंतर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची पथकं अंदमान-निकोबारला गेली. त्यांना विस्थापितांमध्ये मनोविकारांचं प्रमाण अविस्थापितांपेक्षा जास्त आढळलं, आणि एकत्र कुटुंबाचा आधार उपयोगी पडतो असंही दिसलं. आता तिथेच मोठा बंदर आणि विमानतळ प्रकल्प येतो आहे, आणि विमानतळाची जागा आहे गांधीनगर-शास्त्रीनगरकडे, म्हणजे याच माजी सैनिकांच्या वसाहतीत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलांसाठी टेलि-मानस या दूरस्थ मानसिक आरोग्य सेवेचा खास कक्ष चालतो. म्हणजे पडद्यापलीकडचा परका तज्ज्ञ आपल्याकडे आहे. कॅम्पबेल बेच्या बाजारात एक खोली, तिथलाच एक प्रशिक्षित माजी सैनिक आणि वेगळी ठेवलेली फाइल, एवढंच जोडायचं आहे. आणि जमीन दुसऱ्यांदा हातची जाण्यापूर्वी ते झालेलं बरं.