तालुक्याची व्यापारी संघटना आणि आपली मुले



एरवी या पानावर मी बेणे, खत आणि खोडव्यातले पाचट यांविषयी लिहितो. आज जरा बांध ओलांडून लिहीत आहे. वाटण्या होऊन जमीन दोन एकरांवर आलेल्या घरातला मुलगा आता नुसत्या उसावर बसत नाही. कुणी एक डोळा पद्धतीच्या रोपांची रोपवाटिका टाकली आहे, कुणी अवजारांचे वर्कशॉप, कुणी ठिबकच्या साहित्याचे दुकान. ही मुले कष्टाला मागे नाहीत. अडतात ती ओळखीपाशी.

मध्यंतरी एका पूर्वहंगामी लागणीच्या वेळची गोष्ट. एका तरुण सभासदाने पन्नास हजार रोपे तयार केली होती. साडेचार बाय दोन फुटांवर एकराला सुमारे 4,840 रोपे लागतात, म्हणजे दहा एकरांचा माल. परतीचा पाऊस लांबला, काळ्या रानांना वापसा येईना आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांनी लागण पुढे ढकलली. रोप म्हणजे काही सिमेंटची गोणी नव्हे. महिना-दीड महिन्यानंतर ट्रेमध्ये मुळ्यांचा गुंता होऊ लागतो. पाने कातरून थोडे दिवस निघतात, पण थोडेच.

तो माझ्याकडे आला. "साहेब, तुमच्या यादीत बघा की, कोण लागण करतंय." मी चार ठिकाणी निरोप धाडले, पण आपल्याकडे पाऊस सगळीकडे सारखाच. निम्मी रोपे उकिरड्यावर गेली. पुढे कळले की, त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यातील हलक्या रानांत लागणी जोरात होत्या आणि तिथला एक रोपवाटिकावाला रोपे पुरेनात म्हणून गिऱ्हाइके परत पाठवीत होता. मोबाईल दोघांच्याही खिशात, पण एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक नाही.

हे नाव ठाऊक होण्याची जागा म्हणजे धंद्याची संघटना. व्यापाऱ्यांची, रोपवाटिकाधारकांची, औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदारांची. आपल्याकडे तिचे नाव काढले की लोक म्हणतात, "तिथं काय, चहा-बिस्किटं आणि फोटो." हे अगदीच खोटे नाही. काही संघटना वर्षातून एकदा सत्यनारायणापुरत्या जाग्या होतात. म्हणून वर्गणी भरण्याआधी दोन बैठकांना नुसते जाऊन बसावे. आपल्या धंद्यातले किती जण येतात, मागच्या बैठकीत ठरलेले झाले का याची चौकशी होते की नाही, जमाखर्च वाचला जातो का, एवढे पाहावे. वार्षिक सभेत ताळेबंदावर बोट ठेवणाऱ्या सभासदांना हे मी काय शिकवावे!

एकदा आत गेल्यावर मात्र पहिल्याच दिवशी कार्डे वाटत सुटू नये. आपल्याकडचा पैरा आठवा. ज्याने आधी दुसऱ्याच्या रानात बैल नेले, त्याच्याच रानात पुढे चार जोड्या आल्या. इथेही तसेच. कुणाला वेल्डर हवा असेल तर आपल्या माहितीतला सांगा, कुणाची रोपे उरली असतील तर आपले गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवा. घेऊन न फेडणारा इथेही लवकर ओळखला जातो. आणि जाणे नेमाने हवे. गरज पडली की उगवणाऱ्या माणसाला कुणी उधारीवर कोकोपीट देत नाही.

"स्पर्धकाशेजारी बसलो तर आपलं गिऱ्हाईक पळवंल" ही भीती मी पुष्कळदा ऐकतो. गिऱ्हाइकांची वही कुणी दाखवायला सांगत नाही. पण कोकोपीट कुठे चांगले मिळते, कोणता खरेदीदार पैसे लटकवतो, हे सांगितल्याने कुणाचे नुकसान होत नाही. भाव मात्र बैठकीत संगनमताने ठरवू नयेत. 2002 च्या स्पर्धा कायद्यात ते बसत नाही.

कायद्याचे ज्ञानही अशाच ठिकाणी कानावर पडते. वर्कशॉपवाल्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उत्पादकाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तरीही त्यासाठी एजंटाला पैसे मोजलेले लोक आहेत.

वालचंदनगर वसविणाऱ्या वालचंद हिराचंदांना 1927 साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची गरज वाटली होती. एवढ्या मोठ्या माणसाला ती वाटली, तर दोन हजार ट्रेच्या मालकाला का वाटू नये? त्या चेंबरच्या आजच्या नावात 'अॅग्रिकल्चर' हा शब्दही आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ज्या सभासदांच्या घरी असा जोडधंदा आहे, त्यांनी मुलाचे किंवा मुलीचे नाव, धंदा आणि फोन नंबर गट ऑफिसात चिटबॉयकडे लिहून द्यावा. रोपवाटिकावाल्यांनी तयार रोपांची संख्या आणि लावलेली तारीखही द्यावी. तालुक्याला बैठक असेल त्या दिवशी मी जातोच. जीपमध्ये मागे चार जागा रिकाम्या असतात. सकाळी नऊला शेतकी ऑफिससमोरून निघतो.

— ऊस विकास अधिकारी