पाणी तेच, धार वेगळी

आपल्या जालना जिल्ह्यात 'गॅरेज' म्हटले की मिस्त्रीचे दुकान आठवते. काळे हात, उघडलेले इंजिन आणि बाजूला चहाचा ग्लास. घरातल्या गाडीच्या जागेला आपण पोर्च म्हणतो, पार्किंग म्हणतो. जुन्या घरांत तर ढाळजेतच मोटारसायकल उभी असते. या जागेच्या भिंतीवर गेल्या काही वर्षांत एक नवे यंत्र दिसू लागले आहे, ते म्हणजे प्रेशर वॉशर. एक छोटी मोटार, तिला जोडलेला पंप, गुंडाळून ठेवलेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी गन. खटका दाबला की धार सुटते आणि चाकाला धरून बसलेला काळा चिखल सुटून पडतो.

हे यंत्र भिंतीवर कसे बसवायचे, हा प्रश्न तसा प्लंबरचा आणि वायरमनचा. पण जिथे नळ रोज येत नाही, जिथे उन्हाळ्यात टँकरच्या आवाजाकडे कान लागलेले असतात, तिथे तो घरातल्या सगळ्यांचा होतो. गाडी धुवायची ती कुणाच्या वाट्याच्या पाण्यातून, हेही त्यात येते. म्हणून आज यंत्राबद्दल बोलू आणि यंत्राच्या निमित्ताने पाण्याबद्दलही.

आधी दाब म्हणजे काय ते पाहू. पाणी उंचावर असले की खाली त्याचा दाब पडतो. हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक किलो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी सहा-सात मीटर उंच असते. तिच्या नळाला पाऊण किलोही दाब मिळत नाही.

जालन्याला हे शास्त्र नवे नाही. इथला जुना अंमलदार जमशेदखान याने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचेही पाणी शहरात येते ते उताराने, पंपाशिवाय आणि विजेशिवाय. या तलावात गाळ साचून तो उथळ झाला होता. २०१० नंतर शहरातल्या लोकांनीच पुढाकार घेऊन तो उपसायला सुरुवात केली. २०१२-१३ चा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. त्याच सुमारास पैठणहून जायकवाडीचे पाणी पाइपने शहरात आले. ते मात्र पंपाने चढवून आणावे लागते. उताराचे पाणी फुकट चालते, चढाचे पाणी वीज खाते. भिंतीवरच्या यंत्राचाही हाच नियम आहे.

घरगुती यंत्राचा दाब साधारण शंभर किलो असतो. असा दाब नुसत्या उंचीने मिळवायचा तर टाकी हजार मीटर उंच न्यावी लागेल. कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे तिच्या निम्म्याहून अधिक उंचीचा बुरूज दारात बांधावा लागेल! ते काम एक लहानशी मोटार करते. आत तीन दट्ट्ये असतात. ते आळीपाळीने पुढे-मागे होतात आणि पाणी पुढे ढकलतात. गनच्या तोंडाशी बारीक छिद्र असल्याने पाण्याला वाट अरुंद मिळते आणि दाब चढतो. त्या छिद्रातून पाणी ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. पण हातभर अंतर गेले की हवेने धार फुटते, तिचे थेंब होतात आणि जोर ओसरतो. धुणारा अंतर राखून धरतो तेव्हा तो धारेचा जोरच कमी-जास्त करत असतो.

आणि पाणी किती लागते? मिनिटाला सहा-सात लिटर. ऐकून आश्चर्य वाटेल, पण अंगणातला अर्ध्या इंची पाइप उघडा सोडला तर मिनिटाला पंधरा ते वीस लिटर जातात. धार जोरदार म्हणून पाणीही जास्त जात असेल, असे वाटते. तसे नसते. यंत्र पाण्याला वेग देते, पाणी वाढवत नाही.

या यंत्राचा जन्म परदेशातला. जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांच्या कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्च दाबाचे यंत्र तयार केले आणि १९८४ मध्ये घरी वापरता येईल असे सुटसुटीत यंत्र बाजारात आणले. पण आपल्या शेतकऱ्याला याचा भाऊबंद फार आधीपासून ठाऊक आहे, तो म्हणजे फवारणीचा एचटीपी पंप. कडवंचीच्या द्राक्षबागांत जा, अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागांत जा, तिथे हाच तीन दट्ट्यांचा पंप चालतो. त्याचा दाब कमी असतो, वीस ते चाळीस किलोच्या घरात, आणि पाणी जास्त लागते. रस्त्यावरच्या अनेक वॉशिंग सेंटरांवर मोटार लावून हाच पंप चालवतात. शेतातला पंप घरी आणून गाडी धुवायलाही हरकत नाही. अट एकच, ज्या पंपातून औषध फवारले तो आणि त्याची नळी गाडीसाठी वापरू नये. औषधाचा अंश नळीत राहतो आणि दारात लेकरे खेळत असतात.

आता बसवण्याकडे येऊ. पहिली गोष्ट पाण्याची. यंत्र नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नळाला थेट जोडू नका. आधीच दाब कमी, त्यात आपण ओढले की शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो. शिवाय ओढल्या जाणाऱ्या लाइनला कुठे गळती असेल तर बाहेरचे घाण पाणी आत येते. यंत्राला पाणी द्यायचे ते गच्चीवरच्या टाकीतून किंवा ड्रममधून. पाणी पुरेसे येते की नाही, याची परीक्षा घड्याळ आणि बादली घेऊन करा. यंत्राला ज्या नळातून पाणी द्यायचे, त्याखाली दहा लिटरची बादली ठेवा. ती मिनिटभरात भरली तर यंत्राला पाणी पुरेल. नाही भरली तर पाइप मोठा करा किंवा ड्रम वापरा. पाणी अपुरे आले की पंपात हवेचे बुडबुडे होतात, पंप खडखडतो आणि आतली सीले लवकर जातात.

यंत्राच्या तोंडाशी जाळी, म्हणजे फिल्टर, हवाच. टँकरच्या पाण्यात गाळ असतो. बोअरचे पाणी जड असते, त्याचे क्षार आत धरतात. जाळी दर काही दिवसांनी काढून धुवा आणि काम झाल्यावर पंपातले पाणी काढून टाका.

दुसरी गोष्ट भिंतीची. पंप आणि मोटार मिळून दहा-पंधरा किलोचे वजन सहज होते, आणि ते नुसते लटकत नाही, थरथरत असते. गिलाव्यात प्लॅस्टिकचे गुल्ले ठोकून बसवले तर काही महिन्यांत गिलाव्यासकट खाली येईल. काँक्रीटचा कॉलम असेल तर त्यात अँकर बोल्ट मारा. विटांची भिंत असेल तर लोखंडी अँगलचे ब्रॅकेट करून बोल्ट भिंतीच्या आरपार घ्या आणि पलीकडून पट्टी लावा. दगड-मातीच्या जुन्या भिंतीवर टांगूच नका. जमिनीवर विटांचा ओटा करा आणि भिंतीला फक्त नळी गुंडाळायची चकरी लावा. ब्रॅकेट आणि यंत्र यांच्यामध्ये रबराचे तुकडे ठेवले की आवाजही कमी होतो. उंची छातीइतकी असावी. मोठ्या माणसाला वाकावे लागू नये आणि लहानाचा हात पोहोचू नये.

एक चूक अनेक ठिकाणी दिसते. यंत्र एका भिंतीवर आणि गाडी दुसऱ्या टोकाला असते, म्हणून मधल्या अंतरासाठी पंपानंतर घरातला पीव्हीसी पाइप जोडतात. हे धोक्याचे आहे. पीव्हीसी पाइप सहा किंवा दहा किलो दाबाचे असतात. शंभर किलोला ते फुटतात आणि त्यांचे तुकडे उडतात. पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीकडून येणारा पाइप पीव्हीसीचा चालतो. पंपाच्या पुढे मात्र त्याच दाबासाठी बनवलेली जाड नळीच हवी. अंतर जास्त असेल तर ती नळी लांब घ्या.

तिसरी गोष्ट विजेची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. ओले हात, ओली फरशी आणि दीड-दोन हजार वॉटची मोटार एकत्र येतात, तिथे हलगर्जीला जागा नसते. सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्या. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असावी. बोर्ड यंत्रापासून बाजूला आणि चार-साडेचार फूट उंच ठेवा, त्याला झाकण असू द्या. पाण्याचा नळ बोर्डाच्या वर नको. अर्थिंग खरेच लागते आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. बोर्डावर तीन पिनांचे सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असे नाही. आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवाच. करंट गळायला लागला की ती क्षणार्धात वीज तोडते. तिचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे थोडा, माणसाच्या जिवापुढे तर काहीच नाही. एक्स्टेन्शन बोर्ड ओढत अंगणात नेऊ नका. व्होल्टेज कमी असेल आणि मोटार नुसती गुणगुणत असेल तर बटण लगेच बंद करा.

चालवण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी पाण्याची तोटी उघडा. यंत्र बंद ठेवूनच गनचा खटका दाबा. हवा निघून सलग धार यायला लागली की मग बटण चालू करा. संपवताना आधी बटण, मग तोटी बंद करा आणि शेवटी खटका दाबून नळीत कोंडलेला दाब मोकळा करा.

या धारेला खेळणे समजू नये. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून जखम टिकलीएवढी दिसते, पण पाणी आणि घाण आत खोलवर गेलेली असते. अशी जखम झाली तर हळद लावून घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा आणि ती कशाने झाली हे डॉक्टरांना सांगा. गंमत म्हणूनही धार माणसावर, बैलावर, कुत्र्यावर धरू नका. गाडीसाठी पसरट धार वापरा, हातभर अंतर ठेवा. टायरच्या बाजूवर, रेडिएटरच्या जाळीवर, मोटारसायकलच्या बेअरिंगवर आणि वायरींच्या जोडांवर जवळून मारू नका. ग्रीस निघून जाते, पाणी आत राहते आणि दुखणे महिन्याभराने कळते.

आता पाण्याचा हिशेब. उघड्या पाइपने दहा मिनिटे गाडी धुतली तर दीडशे ते दोनशे लिटर जातात. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये गावातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचे लक्ष्य ठरवले. म्हणजे एका गाडीवर तीन माणसांचे एका दिवसाचे पाणी! यंत्राने तीच गाडी धुताना खटका एकूण पाच मिनिटे दाबला तर तीस-पस्तीस लिटर लागतात. दोन बादल्या आणि फडके घेतले तरी साधारण तेवढेच लागते. तेव्हा खरे सांगायचे तर नुसत्या धुळीसाठी बादलीच पुरते, यंत्राची गरज नाही. यंत्राचा खरा उपयोग आहे आपल्या काळ्या मातीच्या चिखलासाठी. ही माती बारीक कणांची. ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की दगड होते. ट्रॅक्टरची चाके, मडगार्डच्या आतली बाजू, गाडीचे पोट, इथे हात पोहोचत नाही आणि फडके चालत नाही.

त्यातही एक युक्ती आहे. वाळलेल्या चिखलावर लगेच जोराची धार धरू नका. आधी थोडे पाणी शिंपडा, पाच-दहा मिनिटे थांबा. माती पाणी पिऊन मऊ होते आणि मग थोड्या धारेत निघते. घाई केली तर पाणी दुप्पट लागते. धुतलेले पाणी रस्त्यावर सोडू नका, त्यावरून गल्लीत भांडणे होतात. उताराच्या टोकाला विटांचा छोटा चौकोनी खड्डा करा, त्यात माती बसेल. वरचे पाणी साबण आणि तेल नसेल तर झाडाच्या आळ्यात जाऊ द्या. खड्ड्यात साचलेली माती उन्हाळ्यात काढून कुंड्यांना घाला. ती आपल्याच शेतातून चाकाला लागून आलेली असते.

शेवटी एक सूचना. यंत्राला टाकीचे पाणी जोडण्यापेक्षा ड्रमचे जोडा. ड्रममध्ये बादलीने मोजून पाणी भरा आणि चाळीस लिटर वापरले की पातळी जिथे येईल तिथे रंगाने रेघ ओढा. रेघेखाली थोडे पाणी राहील असे बघा, म्हणजे पंप कोरडा चालणार नाही. पाणी रेघेला टेकले की यंत्र बंद. मग गाडीवर एखादा डाग राहिला तरी राहू द्या, तो फडक्याने निघेल. पावसाळ्यात ही रेघ उगाच ओढल्यासारखी वाटेल. मार्च उजाडला की तिचा उपयोग घरातल्या प्रत्येकाला कळेल, आणि पाणी भरणाऱ्या बाईला तर तो आधीच कळलेला असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)