भामरागडच्या ताटात गहू नव्हता

भामरागड तालुक्यात एखादं मूल वाळायला लागलं, तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. हिवताप आहे, जंत आहेत, क्षय आहे, सिकलसेल आहे. जन्मतःच वजन कमी, आईच्या अंगात रक्त नाही, आणि पावसाळ्यात घरात पेजेपलीकडे फारसं काही शिजत नाही. पोट पुढे आलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, केस भुरकट, जुलाब थांबता थांबत नाहीत, सारखी किरकिर. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर असं मूल चढलं की ते ‘तीव्र कुपोषित’च्या रकान्यात जातं आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण त्याच रकान्यात एखादं मूल असंही असू शकतं, ज्याला अन्न कमी पडलेलं नाही. मिळणाऱ्या अन्नातलाच एक पदार्थ त्याच्या आतड्याची नासाडी करतो आहे. तो पदार्थ म्हणजे गहू, आणि दुखण्याचं नाव सिलिॲक.

गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक ताणली जाते, पोळी फुगते, ती त्याच्यामुळे. जव आणि राय या धान्यांत त्याची भावंडं असतात. ग्लुटेन कुणालाच पुरतं पचत नाही, काही तुकडे शिल्लक राहतातच. बहुतेकांच्या पोटातून ते निमूट निघून जातात. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही जनुकं ज्यांच्यात असतात, त्यांच्यातल्या थोड्यांच्या शरीराला मात्र हे तुकडे शत्रू वाटतात, आणि त्यांच्यावर चालून जाताना शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर जाळून टाकतं. हे अस्तर निरोगी माणसात मखमलीसारखं असतं. अन्नरस शोषून घ्यायचं काम त्या मखमलीच्या बारीक तंतूंचं. ते झिजून सपाट झाले की मूल कितीही जेवलं तरी अंगी लागत नाही. लोक याला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणून मोकळे होतात. ॲलर्जीत अंगावर गांध्या उठतात, घटकाभरात सगळं दिसतं. हे दुखणं महिनोन्‌महिने गुपचूप चालतं, म्हणून जास्त फसवं.

डॉक्टरांनाही त्याने बराच काळ फसवलं. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी यांनी या मुलांचं नेमकं वर्णन केलं आणि इलाज असलाच तर तो आहारात सापडेल, असंही लिहून ठेवलं. कोणता आहार, हे मात्र त्यांना उमगलं नाही. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज भरपूर डच शिंपले खाऊ घातले, तो हंगामभर छान सुधारला. पुढच्या हंगामात पठ्ठ्याने शिंपल्यांना तोंड लावायलाच नकार दिला. १९२४पासून अमेरिकेत सिडनी हास यांचा केळ्यांचा आहार गाजला. मुलं बरी व्हायची, श्रेय केळ्यांना मिळायचं. त्या आहारात ब्रेड बंद असायचा, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते गेलं हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचं, आणि त्यांच्याही आधी एका आईचं. ब्रेड बंद केला की माझं मूल सुधारतं, असं तिने १९३०च्या दशकात त्यांना सांगितल्याची हकीकत आहे. मग १९४४-४५चा हिवाळा आला. जर्मनांच्या कोंडीत सापडलेल्या पश्चिम हॉलंडमध्ये पाव मिळेना, माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. त्या उपासमारीत सिलिॲकची मुलं खराब व्हायला हवी होती, ती सुधारली. पाव परत आला तशी परत आजारी पडली. डिके यांनी १९५० साली उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात गव्हाकडे बोट दाखवलं. त्यानंतर इतकी वर्षं झाली, पण उपचार तोच आहे: गहू, जव, राय कायमचे बंद. गोळी नाही, इंजेक्शन नाही, आणि ‘मोठा झाला की जाईल’ असंही नाही.

आपल्याकडे हा पंजाब-हरयाणाचा रोग मानला जायचा. २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांची त्यात तपासणी झाली. या रोगाची खूण दाखवणारी प्रतिद्रव्यं उत्तरेत १.२३ टक्के लोकांच्या रक्तात सापडली, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत जेमतेम ०.१० टक्के. गंमत पुढे आहे. रोगाला जागा देणारी जनुकं तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता तो ताटात: उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येतही गहू ३७ ग्रॅमच, तरी रोग बऱ्यापैकी. तेव्हा सगळाच हिशेब गव्हाच्या वजनावर सुटत नाही. पण भात खाणाऱ्या मुलखात हा रोग एक तर कमी होतो, किंवा जनुकांत वाट बघत दडून बसतो, असं म्हणायला जागा आहे.

भामरागड हा असाच भाताचा मुलूख. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावरचं हे गाव १९८२पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होतं, नंतर गडचिरोलीत आलं. इथल्या माडिया आदिवासींच्या घरात तांदूळ आणि कोसरी-कुटकीसारखी बारीक धान्यं, त्यांची पेज, नदीतली मासळी, वास्ते, पावसाळ्यातली अळिंबी, मोहफुलं, चारं, टेंभरं, लाल मुंग्यांची चटणी. या यादीत गहू नाही, जव नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानात ‘ग्लुटेन-फ्री’ असा शिक्का मारून जी पिठं दामदुपटीने विकली जातात, त्यातली अर्धी या जंगलात कुणी शिक्का न मारता पिढ्यान्‌पिढ्या खात आलं आहे. याचा अर्थ जुनं ताट सोन्याचं होतं असा नाही. नुसती पेज आणि मीठ यावर मूल वाढत नाही. पण सिलिॲकच्या मुलासाठी सुरुवात करायला याहून बरी जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

गहू इथे आला तो बाहेरून, आणि आला तो पोषणाचं नाव घेऊन. रेशनवर आला, आश्रमशाळेच्या भटारखान्यात आला, बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यातून आला. अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या सुकडी-शिऱ्याच्या पाकिटांतून आला. २०१५पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना त्यातून एक वेळचं गरम जेवण मिळतं, पुढे लहान मुलांसाठी अंडी-केळीही सुरू झाली. या योजनांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. शंभरातल्या नव्याण्णव मुलांना त्यांचा फायदाच होतो. अडचण त्या उरलेल्या एकाची आहे. ते खंगतं म्हणून त्याला जास्त खाऊ घालतात, जास्त खाऊ घालतात त्यात गहू असतो, आणि गव्हाने ते आणखी खंगतं. आई पाकीट वेळेवर देत नसेल, घरातले दुसरेच खात असतील, असा ठपका तिच्यावर येतो तो वेगळाच. पूरक आहार महिना-दोन महिने नीट पोटात जाऊनही वजन हलत नसेल, जुलाब थांबत नसतील, तर आईवर संशय घेण्याआधी त्या पाकिटावर घ्यावा, असं मला वाटतं.

दुसरी खूण रक्ताची. अन्नातलं लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲकचा पहिला घाव तिथेच बसतो. म्हणून लोहाच्या गोळ्या, लोहाचं औषध नेमाने देऊनही मुलाचं हिमोग्लोबिन चढत नाही. गडचिरोलीत अशा मुलाची सिकलसेलची चाचणी आधी होते, आणि व्हायलाच हवी. १ जुलै २०२३ला देशभरची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून ती तपासणी गावोगाव पोचू लागली आहे. पण सिकलसेल नाही, हिवताप नाही, जंताची गोळी झाली, आणि तरी मूल पांढरंफटक, तेव्हा पुढचा प्रश्न गव्हाचा असायला हवा. उंची खुंटणं, दातांच्या आवरणावर डाग, मुलगी वयात यायला उशीर, एवढीच लक्षणं घेऊनही हा रोग येतो. जुलाब असतातच असं नाही.

तपासणी सुरू होते रक्तापासून: टीटीजी-आयजीए या प्रतिद्रव्यांची चाचणी आणि सोबत एकूण आयजीए. प्रतिद्रव्यं वाढलेली आली की बहुतेक वेळा दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून बघतात. ती नेहमीच्या मर्यादेच्या दसपटीहून जास्त असतील, तर काही मुलांत दुसऱ्या रक्तचाचणीवरही निदान करता येतं. रक्ताचा नमुना भामरागडहून बाहेर जाऊ शकतो. दुर्बिणीसाठी मात्र मुलालाच न्यावं लागतं. गडचिरोली इथून १८० किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याच्या दुपटीच्या घरात, आणि पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की वर्षानुवर्षं इथला रस्ताच बंद होत आला आहे. हेमलकशाला १९७३पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे. संशय इथल्या डॉक्टरने घेतला तर निम्मं काम झालं. एक पथ्य मात्र पाळायचं. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला तर आतडं भरून येऊ लागतं आणि चाचणी खोटी निघते. घरी पेज खाणारं आणि गहू क्वचित चाखणारं मूलही असंच चाचणीतून निसटू शकतं.

निदान झालं की खरी लढाई सुरू होते, आणि ती चिमटीची असते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं, तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते. एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा हिस्सा, ताटातून ताटात उडालेला एक लहान तुकडा. ‘घासभर खाल्लं तर काय होतंय’ असं म्हणणाऱ्या आजीला हे गणित सांगावं लागतं. मूल रडत नाही, उलटी करत नाही, म्हणून काही झालं नाही असं तिला वाटतं. तिचं चुकत नाही, तिला आतडं दिसत नाही.

गिरणी हे या गणितातलं सगळ्यात वाईट ठिकाण. आधीच्या बाईचे गहू दळून झालेले असतात, तुमचा नाचणीचा डबा उघडून टोपल्यात ओतला जातो, आणि पट्टा फिरायला लागला की खाली पडतं ते पहिलं शेर-दीड शेर पीठ तांबूस-पांढरं, दोन्हींचं मिसळलेलं. दगडांच्या खाचांत, कापडी बोळ्यात, भिंतीवरच्या थरात गहूच गहू. गिरणीवाल्याने ‘साफ केलंय’ म्हटलं तरी ते साफ नसतं. शहरातली माणसं यासाठी घरगुती गिरणी घेतात. भामरागडच्या गावांत उखळ-मुसळ आणि जातं अजून मोडीत निघालेलं नाही, तिथे मुलापुरतं पीठ घरीच निघतं. तवा, लाटणं आणि तळणीचं तेल वेगळं ठेवलं की स्वयंपाकघराचं बरंचसं भागतं.

बाकीच्या मराठी घरांत फसवणूक ओळखीच्या पदार्थांतूनच होते. खपली गहू ‘जुना, देशी’ म्हणून चालेल असं पुष्कळांना वाटतं. तोही गहूच, त्यातही ग्लुटेन आहे. आपल्या सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. रवा, शेवया, दलिया, कुरडया बाद. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतात. बांधणीच्या हिंगात तर सर्रास गव्हाचं पीठ किंवा मैदा, म्हणजे वरणाची फोडणीसुद्धा संशयित. भारतात पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन असावं लागतं. तो शिक्का बघून हिंग घ्यावा किंवा सरळ लसूण-जिऱ्यावर भागवावं. उलट आपलं उपासाचं ताट, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, हे मुळातच बिनगव्हाचं. भेसळ नसली म्हणजे झालं. दिवाळीचंही तसं. शंकरपाळे, चिरोटे, मैद्याच्या करंज्या गेल्या. अनारसे राहिले, पोह्यांचा चिवडा राहिला, भाजणी घरची असेल तर चकली राहिली. फक्त चकली शंकरपाळ्यांच्या आधी तळायची, त्याच तेलात नंतर नाही.

घरात हे जमतं. आश्रमशाळेत जमवावं लागतं. मूल सहा-सात वर्षांचं झालं की ते आईच्या नजरेआड मोठ्या भटारखान्यात जेवणार. तिथे भात-वरण-भाजी रोजची, तेव्हा उपाशी राहायचा प्रश्न नाही. प्रश्न आहे चपातीच्या, उपम्याच्या, शिऱ्याच्या दिवसाचा आणि कणकेचे हात लागलेल्या भाताच्या डावाचा. डॉक्टरांची चिठ्ठी मुख्याध्यापकाकडे, अधीक्षकाकडे आणि स्वयंपाकिणीकडे, तिघांकडे हवी. यातली स्वयंपाकीणच सगळ्यात महत्त्वाची. चपातीच्या दिवशी जादा भात आणि अंडं, मुलाचा डाव वेगळा, आणि त्याला आधी वाढायचं. पंधरा ऑगस्टला रांगेत जिलेबी वाटली जाते, ती मैद्याची. त्या दिवशी राजगिऱ्याचा किंवा मोहाचा लाडू गुरुजींच्या खिशात आधीच असावा, म्हणजे मुलाला हात पुढे करून मागे घ्यावा लागणार नाही.

नीट पाळलं तर काही आठवड्यांत किरकिर कमी होते, भूक लागते. वजन आधी चढतं, उंची मागून. दूध सुरुवातीला पचेलच असं नाही, आतडं सावरलं की तेही पचतं. टीटीजी सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी तपासायची, सोबत लोह, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड. त्याच फेरीत भावंडांचं आणि आईवडिलांचंही रक्त द्यायचं, लक्षणं नसली तरी. अशा घरात दहातल्या एका जवळच्या नातेवाइकाला हाच रोग निघू शकतो, आणि कधी कधी तो निघतो वर्षानुवर्षं ‘अशक्त बाई’ म्हणून लोहाच्या गोळ्या खात आलेल्या आईलाच.