नेम कुठे चुकतो?

येलदरीकडच्या जत्रांत फुगे फोडण्यात माझा हात कुणी धरत नसे. त्याच जोरावर एअर पिस्तूल हातात घेतलं आणि पहिल्याच निवड चाचणीत आपटलो. दोष दिला हाताच्या थरथरीला. पण गणित मांडल्यावर कळलं, चोर दुसराच!

१० मीटरवरच्या टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं. पिस्तूल न वळता हात १ मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही तेवढाच सरकतो. दहा गुण शाबूत! पण पुढची साईट मागच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली तर? दोन साईट्समधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. दहावीतले सिमिलर ट्रँगल्स आठवा. चूक तीसपट, छर्रा ३० मिलिमीटर बाहेर, गुण सात!

म्हणून नजर पुढच्या साईटवर हवी, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. ट्रिगरही हळूच, सरळ मागे ओढायचा. मी मात्र टार्गेटकडेच डोळे फाडून बघायचो.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण शूट-ऑफमध्ये जिंकलं. तेव्हाही नजर साईटवरच ठेवावी लागते ना!

सध्या रूमवर पाण्याची बाटली धरून हात कमावतोय. रूममेट हसतो. हसू दे, चाचणी पुन्हा आहे!