जाड ऑइलचा गैरसमज

परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, म्हणून डिझेल फोर बाय फोरमध्ये जाड ऑइलच हवे, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण चालू इंजिनाचे तापमान हवेवर नव्हे, मुख्यतः थर्मोस्टॅटवर ठरते. ते ९० अंशांच्या आसपास राखले जाते. १५डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो, म्हणजे उन्हाळ्याचा हिशेब त्यात आधीच धरलेला आहे. त्याहून जाड ऑइल बेअरिंगच्या बारीक फटींतून हळू फिरते आणि उष्णता कमी वाहून नेते. नांगरलेल्या काळ्या रानात जड ट्रॉली ओढताना ताण वाढतो हे खरेच. पण त्यावर उपाय ऑइल लवकर बदलणे हा आहे. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर दाटपणापेक्षा राख महत्त्वाची. ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख काजळीच्या फिल्टरमध्ये साचते, आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. तिथे कमी राखेचेच ऑइल हवे.

गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा वरचढ, हा समज आकड्यामुळे झालेला. डिफरन्शियलच्या घसटत फिरणाऱ्या दात्यांना जीएल-५ मधले गंधक-फॉस्फरस वाचवते. तेच गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकते. आजची जीएल-५ ऑइले पूर्वीइतकी मारक नाहीत, असा आक्षेप येतो, आणि तो बराचसा खरा आहे. तरी रिंगेला पकडायला घर्षण लागते. अति निसरड्या ऑइलात गिअर अडखळतो. ट्रान्सफर केसला काय लागते, ते मात्र गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे.